शिंपल्यांच्या टेकाडावरची थोरली

थोरलीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस मी पाहिलं नाही. एका घरात दोन भावांच्या दोन बायका आल्या. आधी आली ती थोरली, मागून आली ती धाकटी. घरातली ही नावं पुढे वस्तीने उचलली आणि आम्ही खोदकामाला गेलो तेव्हा आमच्याही तोंडी तीच बसली.

माझं तिथलं काम चित्रं काढण्याचं. जमिनीत चौकोनी खड्डा खणला की त्याच्या भिंतीत एकावर एक थर दिसतात. ते मोजायचे आणि कागदावर उतरवायचे. दिवसचे दिवस मी एका भिंतीसमोर बसलेली असायचे, आणि माझ्या पाठीमागे, शिंपले धुण्याच्या हौदावर, थोरली. आता जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं तिने त्या हौदापाशी, कोपरापर्यंत हात पाण्यात असताना सांगितलं. उरलेलं मी डोळ्यांनी पाहिलं.

वस्ती खाडीच्या तोंडाशी होती. पत्र्याच्या छपरांच्या खोल्यांच्या दोन रांगा, मधून उघडं गटार, टोकाला चुन्याची भट्टी आणि भट्टीच्या मागे टेकाड. लांबून ते मातीचंच वाटायचं, पण वर चढायला लागलं की पायाखाली करकर वाजायचं. सगळं शिंपल्यांचं होतं. कालवं, खुबे, बारीक शंख. हजारो वर्षांपूर्वी काठावर राहणाऱ्या माणसांनी ते चिखलातून, खडकावरून गोळा केले, उघडले, खाल्ले आणि टरफलं एकाच जागी टाकली. लेकरांनी टाकली, त्यांच्या लेकरांनी टाकली. त्याचं हे टेकाड झालं. वस्तीतल्या लोकांना वाटायचं समुद्रानेच उधाणात लोटून आणलंय. त्यांना त्याच्याशी कर्तव्य एवढंच, की शिंपला भाजला की चुना होतो. थोरलीच्या आजेसासऱ्यापासून ते घर भट्टीवर होतं. टेकाड मुळात केवढं होतं हे कुणालाच सांगता यायचं नाही. आम्ही गेलो तेव्हा त्याचा एक लहानसा हिस्सा उरला होता. बाकीचं भट्टीच्या पोटात गेलं होतं.

थोरलीचा नवरा भट्टीवाला. उंच, खांद्यात वाकलेला, भुवयांचे केस पांढरे की चुन्याने माखलेले ते कळू नये असा. कळीच्या चुन्यावर पाणी ओतताना एकदा उसळी आली आणि त्याचा डावा डोळा दुधासारखा झाला. छातीत भट्टीची धूळ बसली होती, त्यामुळे तो बोलायला लागण्याआधी खोकायचा आणि खोकून झाल्यावर बोलायचं राहूनच जायचं. त्याचा धाकटा भाऊ मासेमारीच्या बोटीवर होता. एका वादळात बोट गेली ती गेलीच. मागे राहिली धाकटी आणि तिची मुलगी. मुलगी एका जागी उभी म्हणून राहायची नाही, सारखी गोल फिरायची, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे.

दोन जावा, दोन खोल्या आणि एक चूल. थोरलीला मूल नव्हतं. दोघींचं पटायचं नाही असं वस्तीत म्हणायचे, आणि पटायचं नाहीच. मिठावरून, पाण्यावरून, भिंगरीच्या केसांना तेल कुणी लावायचं यावरून शब्दाने शब्द वाढायचा. पण ओहोटी लागली की दोघी एकाच वेळी टोपल्या उचलायच्या. चिखलात मांडीपर्यंत पाय रुतले की एकमेकींना हात द्यायच्या आणि तेवढा वेळ भांडण काठावर ठेवलेलं असायचं. धाकटी जिभेची तिखट होती. ती भट्टीवाल्याला तोंडावर म्हणायची, की भावजी, तुम्ही शिंपल्यांचा चुना करता आणि जाऊबाई तुमच्या रागाचा. यावर तो हसायचा नाही. पण थोरली सांगायची, की त्या रात्री तो जेवायला दोघींच्या खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावर बसायचा, एरवी बसायचा नाही.

मग खाडीच्या तोंडाशी मोठा धक्का बांधायचं ठरलं. बोटींना वाट हवी म्हणून गाळ उपसणारं यंत्र आणलं आणि धक्क्यापर्यंतचा रस्ता टेकाडावरून आखला. पाडण्याआधी खणून पाहिलं पाहिजे असा नियम होता, म्हणून आम्हाला बोलावलं. आम्ही आलो त्या दिवशी भट्टी बंद झाली.

भट्टीवाल्याने आमच्याकडे पाहायचं सोडलं. बायकोलाही त्याने बजावलं, की हाडं चाळणाऱ्यांच्या दारात जायचं नाही. थोरलीने त्याचं ऐकून घेतलं, सकाळी चूल आवरली आणि हौदावर येऊन उभी राहिली. घरात चार तोंडं होती आणि चुलीला यातलं काही कळत नाही, असं ती मला म्हणाली. तिच्यामागून वस्तीतल्या आणखी बायका आल्या. धाकटी आली नाही. मेलेले शिंपले धुवायला मी अजून मेले नाही, असं तिने सांगून पाठवलं.

आमचे सर म्हातारे होते. साखरेच्या आजाराने पायाची बोटं बधिर झालेली, तरी खड्ड्यात उतरायचे. थोरली नवीन आली तेव्हा कोळसा आणि काळा दगड यातला फरक तिला कळायचा नाही. माशाच्या कानातला खडा, शेंगदाण्याच्या अर्ध्या डाळीएवढा असतो, तो तिने पहिल्या आठवड्यात खडी म्हणून फेकून दिला. सर रागावले नाहीत. त्यांनी तिला समोर बसवलं, एक एक वस्तू तळहातावर ठेवली आणि शिकवलं. ती शिकली, जशी कुणीही शहाणी बाई शिकेल तशी. पण एकदा तिला थर वाचता यायला लागल्यावर ती भिंत तिच्याने सोडवेना.

भिंतीत काय होतं ते सांगते. अगदी तळाला मोठी कालवं होती, तळहात भरून उरेल एवढी. कालवांना टणक खडक लागतो, वाहतं खारं पाणी लागतं. म्हणजे त्या काळी खाडी उघडी होती, समुद्र आत येत होता. त्यांच्याबरोबर मोठ्या माशांची हाडं, कासवाच्या पाठीचे तुकडे, चुलींची राख. लोक पोटभर खात होते. थोडं वर यावं तर कालवं लहान व्हायला लागतात. जरा आणखी वर, कालवं जवळजवळ नाहीतच, चिखलातले खुबे आहेत. पाणी संथ झालं, गाळ साचला, खडक बुडाले. मग खुबेही लहान होत जातात. वाढायच्या आधीच ते उचलले जात होते. सगळ्यात वरच्या थरात नखाएवढे टोकदार शंख होते. त्यांचं टोक दगडाने फोडलेलं. त्यात मांस असून असून किती असणार, तरीही ते हजारोंनी फोडलेले होते. आणि त्याच्यावर नुसती माती. शिंपला नाही, राख नाही, काही नाही.

"मग ती माणसं गेली कुठे?" थोरलीने सरांना विचारलं.

सर म्हणाले, की एक तर उठून दुसरीकडे गेली, नाही तर संपली. माती यातलं काहीच सांगत नाही.

त्या दिवसापासून थोरली घरी गेली की धाकटीची टोपली तपासायला लागली. हे तिने स्वतःच मला सांगितलं. धाकटीच्या टोपलीतले खुबे वर्षावर्षाला बारीक होत चालले होते, आणि गाळ उपसायचं यंत्र आल्यापासून तर काठाजवळ काही राहिलंच नव्हतं. थोरलीने तिला सांगितलं, की बारके सोडून दे, त्यांना वाढू दे. टेकाडातल्या बायकांनी बारके सोडले नाहीत, त्यांचं काय झालं ते मी रोज धुतेय.

धाकटी टोपली आपटत म्हणाली, "मी सोडले तर पलीकडच्या वस्तीतली बाई उचलेल. तिने सोडले तर तिच्या पलीकडची. तुझ्या त्या टेकाडातल्या बाईलासुद्धा हे माहीत असणार, जाऊबाई. तिला काय अक्कल नव्हती?"

धाकटीचं चुकलं कुठे, ते थोरलीला तेव्हाही सांगता आलं नव्हतं आणि मला हे सांगतानाही येत नव्हतं. मलाही आलं नाही.

काठावर काही मिळेना म्हणून धाकटी लांब जायला लागली. खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक उंचवटा होता. मोठ्या ओहोटीला तो उघडा पडायचा आणि तिथे अजून बऱ्यापैकी खुबे मिळायचे. वस्तीतल्या बायका पिढ्यान् पिढ्या तिथे जात होत्या. पाणी कुठून चढतं, आधी कुठला खळगा भरतो, परत फिरायचं ते कधी, हे त्यांच्या पायांना ठाऊक होतं. पण यंत्राने बोटींसाठी नवी वाट खणली ती नेमकी त्या उंचवट्याच्या आणि काठाच्या मधून. पूर्वी भरती समोरून यायची, दिसायची. आता ती त्या खणलेल्या वाटेने मागून यायला लागली. हे कुणी वस्तीत येऊन सांगितलं नाही. सांगायला हवं असं कुणाला वाटलंही नसेल.

त्या दिवशी भिंगरीला बरं नव्हतं म्हणून ती काकूजवळ हौदापाशी होती, चाळणीखाली पडलेले शंख रांगेत मांडत. दुपार कलायला लागली होती. काठावरून एक बाई धावत येताना आम्हाला दिसली. धाकटीबरोबर उंचवट्यावर गेलेल्या दोघी परत आल्या होत्या. धाकटी सगळ्यात पुढे गेली होती, तिला मागून पाणी आलेलं कळलं तेव्हा मधल्या वाटेत डोक्याएवढं पाणी झालं होतं. तिने टोपली डोक्यावर धरून उतरायला सुरुवात केली. टोपली सोड, टोपली सोड, असं या दोघी ओरडत राहिल्या. तिने ती सोडली नाही. मग टोपली एकटीच वर दिसली.

थोरली हौदातून हात बाहेर काढून तशीच धावली. मीही धावले. काठावर पोचलो तेव्हा भट्टीवाला आधीच पाण्यात होता. त्याला पोहता यायचं, पण छाती साथ देत नव्हती. तो थोडा आत जायचा, खोकत उलटा फिरायचा, पुन्हा आत जायचा. लोकांनी त्याला ओढून काढलं तर त्याने त्यांना मारलं. मग होड्या निघाल्या. संध्याकाळपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशी शोधलं, आठवडाभर ओहोटीला माणसं चिखल तुडवत होती. टोपली सापडली. धाकटी सापडली नाही.

वस्तीत पुढचे काही दिवस कुणी खाडीकडे गेलं नाही. मग एक एक करून बायका पुन्हा जायला लागल्या, कारण दुसरं काय करणार. उंचवट्यावर मात्र कुणी गेलं नाही.

थोरली हौदावर परत आली ती भिंगरीला बरोबर घेऊन. पोरगी फिरायची थांबली होती. रडायचीही नाही. आई कुठे आहे असं तिने विचारलं तर काय सांगायचं, याचीच थोरलीला धास्ती होती, पण पोरीने विचारलं नाही. ते न विचारणं जास्त वाईट होतं, असं थोरली म्हणायची. विचारलं असतं तर काही तरी खोटं सांगून मोकळी तरी झाले असते. भट्टीवाला थंड भट्टीच्या तोंडाशी बसून राहायचा. तिथे आता भटकी कुत्री झोपायला लागली होती.

खोदकाम संपत आलं होतं. अशात तळाच्या थरात, मोठ्या कालवांच्या खाली, एक माणूस सापडलं. आधी गुडघा दिसला, मग पाठीचा कणा. कुशीवर निजलेलं, पाय पोटाशी घेतलेले, डोक्याखाली सपाट दगड आणि चेहऱ्याभोवती कालवांची टरफलं, आतली चमकणारी बाजू वर करून मांडलेली. सरांनी मला चित्र काढायला बसवलं आणि हाडांवरची माती ब्रशाने झाडायला थोरलीला बोलावलं. तिचा हात हलका होता. मला वाटलं ती नको म्हणेल, धाकटीला जाऊन महिनाही झाला नव्हता. ती खाली उतरली आणि कामाला लागली.

ती बाई होती. सर कठड्यावर बसून हळूहळू सांगत होते. वय तिशीच्या आसपास. घोट्याची हाडं पुढून झिजलेली आहेत, म्हणजे आयुष्य उकिडवं बसण्यात गेलं. कानाच्या भोकात हाडाची गाठ वाढलीय. वर्षानुवर्षं गार पाण्यात डोकं बुडवणाऱ्या माणसाला ती होते. दातांवर आडव्या रेघा आहेत. लहानपणी ती उपाशी राहिली होती, एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

थोरलीने ब्रश थांबवला. "तळाला तर सगळे पोटभर खात होते ना?"

सर म्हणाले, की मलाही तसंच वाटत होतं. मोठी कालवं पाहून आपण समजून बसलो. मोठी कालवं होती म्हणजे रोज होती असं नाही. वर्षातले काही महिने तेव्हाही रिकामे जात असणार.

थोरली पुन्हा कवटीभोवतालची टरफलं एकेक मोकळी करायला लागली. एकदम तिने विचारलं, "हिला कुणी तरी पुरलं. हो ना?"

"हो," सर म्हणाले. "नीट पुरलं. घाई केली नाही."

थोरली ब्रश खाली ठेवून खड्ड्याच्या कोपऱ्यात गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. धाकटी गेल्यापासून ती आमच्यासमोर पहिल्यांदा रडली. आवाज नव्हता, फक्त पाठ हलत होती. सर उठले आणि मला खूण करून बाहेर घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी तिने सरांना विचारलं, की या बाईला इथेच ठेवता येणार नाही का. टेकाडात नाही तर टेकाडाच्या पलीकडे, कुठेही, पण जमिनीत. सरांनी तिला खरं तेच सांगितलं. टेकाड जाणार. पलीकडे गोदाम होणार. हाडं शहरात न्यायची, पेटीत ठेवायची, तपासायची, असा हुकूम आहे आणि तो हुकूम मोडायचा अधिकार माझ्याकडे नाही. तिने पुन्हा विचारलं नाही. सरांनी जेवण केलं नाही त्या दिवशी, एवढं मला आठवतं.

संध्याकाळी ती घरी गेली आणि तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. हे तिने मला दुसऱ्या दिवशी शब्द न् शब्द सांगितलं. तो भट्टीच्या तोंडाशी बसला होता. ती उभ्याउभ्याच बोलत राहिली, की कशी निजवली होती, टरफलं कशी मांडली होती, आता तिला पेटीत घालणार. त्याने ऐकून घेतलं. खोकला आला, तो त्याने जाऊ दिला. मग तो म्हणाला, "अशा पुष्कळ निघायच्या."

तिला आधी कळलं नाही.

"टेकाड फोडताना," तो म्हणाला. "माझ्या बापाच्या वेळी, माझ्या वेळी. पाय पोटाशी घेतलेल्या. बाप म्हणायचा, वेगळं काढत बसलं तर भट्टी थंड होते. शिंपल्यांबरोबरच जायच्या. हाडाचाही तसाच पांढरा भुगा होतो."

"मग तो चुना?"

त्याने हाताने घराकडे दाखवलं. वस्तीतल्या दोन्ही रांगांकडे दाखवलं. खोल्यांच्या भिंती वर्षातून एकदा भट्टीच्याच चुन्याने पांढऱ्या व्हायच्या. शाळेच्याही. आम्ही ज्या खोलीत राहत होतो तिच्याही.

थोरली त्या रात्री भिंतीला पाठ लावून बसली नाही. भिंगरीला तिने खोलीच्या मधोमध निजवलं. मला हे सांगताना ती मध्येच म्हणाली, की तुला हसू येईल. मला हसू आलं नाही. मी खोलीवर गेले आणि बराच वेळ दारातच उभी राहिले.

पेट्या भरायच्या दिवशी भट्टीवाला टेकाडावर आला. आम्ही आल्यापासून पहिल्यांदाच. वस्तीतल्या बायका काम सोडून बघायला लागल्या. त्याने अंगावर धुतलेला सदरा घातला होता. सरांसमोर उभं राहून त्याने एवढंच विचारलं, की कुठली पेटी. सरांनी दाखवली. लाकडाची, आत कापूस आणि कागद घालून बंद केलेली. फार जड नव्हती. आमच्यातला एक जण दुसऱ्या टोकाला हात लावायला पुढे झाला, तेव्हा भट्टीवाल्याने मान हलवली. त्याने ती एकट्याने उचलली, छातीशी धरली आणि टेकाड उतरायला लागला. दर थोड्या अंतरावर तो थांबायचा, दम घ्यायचा, पण पेटी खाली टेकवायचा नाही. गाडीपर्यंतचा रस्ता काही मोठा नव्हता. त्याला तो उतरायला इतका वेळ लागला की गाडीवाल्याने इंजिन बंद केलं. थोरली भिंगरीचा हात धरून त्याच्या मागून चालत होती. गाडीत ठेवल्यावर त्याने पेटीवर तळहात ठेवला, क्षणभर, आणि भट्टीकडे निघून गेला. थोरलीशीही त्या विषयावर तो पुन्हा कधी बोलला नाही.

आम्ही निघालो तेव्हा यंत्रं येऊन उभी होती.

भट्टीवाला पुढच्या थंडीत गेला. खोकल्याने गेला असं डॉक्टरांनी सांगितलं. थोरलीने पुढे भेटल्यावर मला सांगितलं, की खोकला तर वीस वर्षं होता. टेकाड पुरतं सपाट झालं त्याच आठवड्यात त्याने अंथरूण धरलं होतं. त्याला धडपणे निरोप देता आला, माणसं जमली, जागा मिळाली, याचं तिला समाधान होतं. अशा गोष्टीचं समाधान मानावं लागतं, हेही तीच म्हणाली.

काही वर्षांनी मी पुन्हा तिकडे गेले, दुसऱ्याच कामासाठी. धक्का झाला होता. धक्क्यावर कोळंबी गोठवण्याचा कारखाना होता आणि थोरली तिथे सोलायला होती. जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर आली. रबरी बूट, डोक्याला जाळी, बोटं बर्फाने सुजून लाल झालेली. आम्ही कारखान्याच्या मागच्या पायरीवर बसलो. खाडीत आता शिंपले काढायला कुणी जात नाही, तिने सांगितलं. काढले तरी त्यांना तेलाचा वास येतो. पलीकडची वस्ती उठली. इकडच्याही अर्ध्या खोल्यांना कुलपं आहेत.

मी तिला सरांचं सांगितलं. ते वारले होते. त्यांचं शेवटचं काम त्या टेकाडावरच होतं. तिथले काही शिंपले त्यांनी कापून तपासायला पाठवले होते. शिंपला वाढतो तशा त्यावर रेषा उमटतात, आणि शेवटच्या रेषेवरून तो कुठल्या ऋतूत काढला ते कळतं. वरच्या थरातले बहुतेक सगळे वर्षाच्या एकाच काळात काढलेले होते, जेव्हा रानात काही पिकत नाही आणि मासाही काठाला येत नाही. ते शिंपले कुणी आवडीने खात नव्हतं. दुसरं काही नसायचं तेव्हा खात होते.

थोरली डब्यातलं जेवत होती. "हे कापून बघावं लागलं का?" ती म्हणाली. पण तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. तिने लगेच सरांच्या पायांचं विचारलं, शेवटी फार त्रास झाला का म्हणून.

भिंगरीचं मी विचारलं. ती शहरात वसतिगृहात होती, नर्सिंगचं शिकत होती. सुट्टीत येते, पण दोन दिवसांच्या वर राहत नाही. पाण्याचा आवाज ऐकला की तिला झोप लागत नाही. मागच्या वेळी आली तेव्हा तिने पहिल्यांदाच आईबद्दल विचारलं. टोपली का सोडली नाही तिने, एवढंच. थोरलीने तिला सांगितलं, की त्या दिवशी तुला ताप होता आणि घरात काही नव्हतं, म्हणून. मग वाटलं हे सांगायला नको होतं. पोरीने ते ऐकलं, उठली, भांडी घासून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने निघून गेली.

"फोन करते का?" मी विचारलं.

"करते. दर रविवारी करते." तिने डबा बंद केला. "काकू म्हणत नाही आता. आई म्हणते. मला ऐकवत नाही, पण तिला तसं सांगितलं नाही मी."

आत भोंगा वाजला. तिने बूट आपटून पाणी झटकलं, जाळी सारखी केली आणि पुढच्या वेळी आलीस तर घरी ये, असं म्हणून आत गेली.